घरातलं गाणं : मस्कतचा कीबोर्ड आणि आईचा गंधार



मागच्या अंकात आपण पेटीविषयी बोललो. त्यावर चार-पाच फोन आले. बहुतेकांनी आपल्या घरच्या पेटीच्या आठवणी सांगितल्या, पण बिएरशेव्याच्या एका बाईंनी सरळ प्रश्नच विचारला. म्हणाल्या, "भाऊ, नातवाला वाढदिवसाला ओर्गनीत घेऊन देणार आहे. त्यावर आपली जुनी कीर्तनाची पदं वाजतील का हो? की नुसती डिस्कोची गाणी?"

प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तर मात्र लांब आहे. मी स्वतः नोकरीनिमित्त १९९१ ते २००४ मस्कतला होतो आणि त्यातली सात वर्षं घरात कीबोर्ड होता. तेव्हा उत्तर मस्कतहूनच सुरू करतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. इथं इस्राएलात मुलं ज्याला ओर्गनीत म्हणतात, त्याला ओमानी लोक ओर्ग म्हणतात, आणि आपण मुंबईत कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला कॅसिओच म्हणायचो. दुकानात त्यालाच कीबोर्ड म्हणतात. पण कीबोर्डातही दोन जाती. एक घरगुती, त्यात बटण दाबलं की ढोल आपोआप वाजतो. दुसरा सिंथेसायझर, म्हणजे ज्यात आवाज आपल्याला हवा तसा घडवता येतो.

बाळांनो, हे यंत्र आवाज कसा करतं ते थोडक्यात ऐका. पेटीत वारा पितळेच्या पातीवरून जातो आणि ती थरथरते. डिजिटल सिंथेसायझरमध्ये वारा नाही आणि पातीही नाही. तिथं सगळे आकडे. आतला छोटा संगणक सेकंदाला हजारो आकडे काढतो आणि स्पीकर त्या आकड्यांप्रमाणे मागे-पुढे हलतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली आकड्यांतून घंटेसारखे, पितळी वाद्यांसारखे आवाज काढायची एक युक्ती शोधली. जपानच्या यामाहा कंपनीने ती वापरण्याचा परवाना घेतला आणि १९८३ साली डीएक्स-७ नावाचा कीबोर्ड काढला. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत तो ऐकू येतो.

पुढे कंपन्यांनी एकच वाद्य दोन रूपांत विकायला सुरुवात केली. एक नुसता डबा, त्याला पट्ट्या नाहीत, तो दुसऱ्या कीबोर्डाला वायरने जोडायचा. दुसरं त्याचंच पट्ट्यांचं रूप. कॉर्गचा १९८८ चा एम-१ असा दोन्ही रूपांत मिळे. रोलँडने १९९४ साली जेव्ही-१०८० हा डबा काढला. त्याच घराण्याचा आवाज पट्ट्यांसकट हवा असणाऱ्यांसाठी मग १९९५ मध्ये एक्सपी-५० आणि पुढच्या वर्षी एक्सपी-८० आला. डबा स्टुडिओवाल्यांना सोयीचा. आपल्यासारख्या घरात, कार्यक्रमात वाजवणाऱ्यांना पट्ट्याच लागतात. नाहीतर बोटं ठेवायची कुठं?

तर १९९७ साली मी रुवीच्या बाजारातून असाच एक पट्ट्यांचा सिंथेसायझर घेतला. कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण पुढे त्याची तक्रारही सांगायची आहे. दोन महिन्यांचा पगार गेला. बायको आठवडाभर बोलली नाही. पण घरात आल्यावर तिनंच त्यावर पहिला रुमाल शिवून घातला.

मस्कतमध्ये तेव्हा मराठी माणसं पुष्कळ होती, आजही आहेत. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम होत, त्यात हार्मोनियमवाले होते, तबलेवाले होते. आपल्या लोकांची घरं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. सिनेगॉग नाही. पासपोर्ट भारताचा आणि नावं बायबलातली, म्हणून लोक आम्हांला ख्रिश्चन समजत. आम्हीही फार खुलासा करत बसत नसू. सरकारी सुट्टी त्या काळी गुरुवार-शुक्रवार असे (शुक्रवार-शनिवार झाली ती २०१३ पासून). त्यामुळे शुक्रवारी शब्बाथची तयारी निवांत व्हायची, पण शनिवारी कामावर जावं लागे. शब्बाथला वाद्याला हात लावायचा नाही हा आईचा नियम. म्हणून शनिवारी रात्री हाव्दाला झाली की मगच रुमाल निघायचा. एलियाहू हन्नाबीचं गाणं आधी, मग बाकीचं.

१९९८ च्या हिवाळ्यात आई तीन महिने आमच्याकडे राहायला आली. आईचं माहेर रेवदंड्याचं. माझे आजोबा कीर्तनाला साथ करायचे. नव्या मुलांना सांगतो, १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी बायबलातल्या गोष्टींवर मराठी कीर्तनं करायला सुरुवात केली. बुवा उभे राहून आख्यान लावत, मागे पेटी-तबला, मध्ये साकी-दिंडी. सगळं हिंदू कीर्तनासारखंच, फक्त गोष्ट अब्राहामाची, मोशेची, योसेफाची. आईला आजोबांकडून योसेफाच्या आख्यानातलं एक पद येत होतं, भाऊ त्याला विहिरीत टाकतात त्या प्रसंगाचं. ते तिच्याशिवाय आमच्या नात्यात कुणालाच येत नव्हतं.

मी ठरवलं, हे कीबोर्डात भरून ठेवायचं. यंत्रात सिक्वेन्सर होता, म्हणजे कुठली पट्टी कधी, किती जोरात दाबली ते लक्षात ठेवणारी वही. वाजवलेलं फ्लॉपीवर उतरवता यायचं. आई गायची आणि मी वाजवायचो. दोन ओळी झाल्या की ती थांबायची.

"चुकतंय."

"काय चुकतंय, आई?"

"ते मला ठाऊक नाही. पण तुझा हा सूर टोचतो."

टोचत होता गंधार. पांढरी एकचा षड्ज धरला तर गंधार म्हणजे पांढरी तीन. आईचा गळा तिथं पोचायच्या जरा आधीच थांबायचा. त्याच्या खालची काळी पट्टी दाबली तर तो कोमल गंधार, ते तर साफ चूक. आईचा सूर या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होता.

पेटीवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. पेटीचे सूर ठोकलेले, ते हलत नाहीत, मींड निघत नाही, म्हणूनच तर १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली. पण कीबोर्डाला एक सोय आहे ती पेटीला नाही. कीबोर्डाला भाता नाही, म्हणून डावा हात मोकळा. त्या हाताशी एक दांडी किंवा चाक असतं, त्याला बेंडर म्हणतात. वाजवताना ते ढकललं की सूर घसरतो. मंडळाच्या साथीला बसणारे दारसैतचे एक काका जन्मभर पेटी वाजवून साठीला कीबोर्डावर आले होते. ते म्हणत, "भाता गेला त्याचं दुःख पहिले सहा महिने. मग पायाखाली आवाजाचं पेडल घेतलं, तोच माझा भाता. आणि डाव्या हातानं जी मींड निघाली, ती पेटीत चाळीस वर्षांत निघाली नव्हती." मला मात्र प्रत्येक गंधाराला बेंडर सांभाळणं जमेना.

तोडगा काढला आमच्या शेजाऱ्यांनी. मुत्राचे ओमानी गृहस्थ, दिवसा नोकरी आणि रात्री लग्नांत ओर्ग वाजवायचे. हिंदी आपल्यापेक्षा चांगलं. सूर गावचे गायक सालिम राशिद सूरी यांच्या जुन्या रेकॉर्डी त्यांच्या घरी होत्या. हे सूरी १९३० च्या दशकात मुंबईत राहून गात, त्यांच्या रेकॉर्डीही मुंबईतच निघाल्या होत्या. आईला याचं फार कौतुक. "गावाचं नावच सूर! मग गाणार नाही तर काय करणार?"

शेजाऱ्यांनी आमची तक्रार ऐकली आणि हसले. म्हणाले, हे तर आमचं रोजचं आहे. अरबी गाण्यात रास्त नावाचा मकाम आहे, त्याचा तिसरा सूर आपल्या शुद्ध आणि कोमल गंधाराच्या साधारण मधोमध असतो. तो मिळाला नाही तर लग्नातले म्हातारे लोक उठून जातात! (इथं ज्यांनी सीरियन किंवा इराकी लोकांच्या सिनेगॉगमध्ये मकामातली प्रार्थना ऐकली असेल, त्यांना हा सूर कानानं ओळखता येईल.) त्यांनी पडद्यावर बटणं दाबत दाबत एक पान उघडलं. स्केल ट्यून. त्यात बाराही सुरांची नावं आणि प्रत्येकापुढे शून्य.

इथं थोडं गणित. बाळांनो, घाबरू नका. एका सा पासून वरच्या सा पर्यंतच्या अंतराचे १२०० बारीक भाग केले आहेत, त्यांना सेंट म्हणतात. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत बरोबर १०० सेंट. शून्याच्या जागी वजा ५० घातलं तर तो सूर अर्धी पट्टी खाली उतरतो आणि कुठंही वाजवला तरी उतरलेलाच राहतो. लग्नाच्या ओर्गवाल्यांचं सगळं काम यावर चालतं. यामाहा आणि कॉर्ग यांनी तर अरबी बाजारासाठी वेगळे ओरिएंटल कीबोर्ड काढले, त्यात यासाठी समोरच बटणं असतात.

शेजाऱ्यांनी गंधाराला वजा ५० घातलं आणि वाजवलं. "अम्मा, अब ठीक है?"

आई म्हणाली, "नहीं बेटा. ये तेरा गंधार हुआ. मेरा थोडा ऊपर है."

वजा ४०. नाही. वजा ३०. नाही. वजा २०, आईनं मान थोडी हलवली. मग ते एकेक आकडा वर जाऊ लागले. वजा १४ ला आईनं हात वर केला.

"हां. इथंच. आता हात लावू नका."

पुढे मी एका पुस्तकात वाचलं आणि चकित झालो. तंबोऱ्याची तार छेडली की तिच्यातून जो आपसूक गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. पट्टीचा असतो ४०० वर. फरक १४ चा. आईला सेंट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तिच्या वडिलांनी तंबोऱ्यावर शिकवलं होतं, तेवढंच.

आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. सगळा वेळ ती मध्ये बसून होती. गाणं फ्लॉपीवर उतरलं तेव्हा तिनं फ्लॉपीच्या चिठ्ठीवर आपल्या अक्षरात लिहिलं : "आजी. योसेफ. ग वजा १४." मी म्हणालो, "अगं, आकडा कशाला? मशीनच्या लक्षात आहे." ती म्हणाली, "असू दे ना, पप्पा."

आता कीबोर्ड ठेवण्याविषयी, कारण ओमानच्या हवेनं आम्हां सगळ्यांनाच चांगलं शिकवलं. मे-जूनमध्ये मस्कतला पारा ४५ च्या पुढेही जातो आणि समुद्रावरून दमट वारा येतो. कुणी गाडीच्या डिकीत कीबोर्ड ठेवून दुपारच्या जेवणाला गेला आणि परत येईस्तो पट्ट्या वाकड्या. सलालाला राहणाऱ्या एका ओळखीच्या बाई सांगत, तिथं जून ते सप्टेंबर खरीफचा पाऊस, भिंतींना ओल, त्यांच्या कीबोर्डाच्या पट्ट्या एकदा दाबल्या की दोनदा वाजायच्या. पट्टीखाली रबराची पट्टी आणि काळे ठिपके असतात, त्यांत ओल आणि धूळ शिरली की असं होतं. उघडून कोरड्या मऊ कापडानं पुसलं की बरेचदा सुधारतं. एकांनी अमेरिकेहून भावानं दिलेला कीबोर्ड हौसेनं आणला आणि भिंतीत खुपसला. तो ११० व्होल्टचा आणि ओमानात २४० चा प्रवाह. एक टप् आवाज झाला, थोडा धूर, आणि मैफल संपली.

आमच्या कीबोर्डाचं दुखणं वेगळं. २००३ च्या उन्हाळ्यात दोन महिने मुंबईला गेलो होतो. घर बंद, एसी बंद. परत येऊन रुमाल काढला तर निम्म्या पट्ट्या खाली चिकटलेल्या. उघडल्यावर कळलं, पट्टीला वजन यावं म्हणून खाली लोखंडाचे तुकडे लाल गोंदानं चिकटवलेले होते. तो गोंद उन्हानं वितळून मधासारखा ओघळला होता. रुवीतल्या कारागिरानं आठ दिवस बसून एकेक पट्टी साफ केली. चांगलं काम केलं. पण काम करताना आतली छोटी बॅटरी काढली. यंत्राची स्वतःची आठवण त्या बॅटरीवर असते. बॅटरी निघाली आणि आम्ही भरून ठेवलेलं सगळं कोरं झालं.

मला काळजी वाटली नाही. फ्लॉपी होती ना! घातली, वाजवली. आईचं पद सुरू झालं, आणि तोच टोचणारा गंधार. फ्लॉपीनं कुठली पट्टी कधी दाबली ते इमानानं जपलं होतं. सूर किती उतरवला होता ते तिच्यात नव्हतंच. ते यंत्राच्या आठवणीत होतं आणि ती पुसली गेली होती. आई २००१ मध्ये गेली होती. आता हात वर करून "इथंच" म्हणणारं कुणी नव्हतं.

मुलीनं फ्लॉपी बाहेर काढली आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली. ग वजा १४. आकडा घातला. आईचा गंधार परत आला.

पण वाचकहो, खरी गोष्ट सांगायची तर तिथं मला आनंदापेक्षा हुरहूर जास्त वाटली. एक गंधार मिळाला. आईचा निषाद कसा होता? धैवत? तेव्हा टोचला नाही म्हणून आम्ही विचारला नाही. तो पट्टीवर बरोबर होता, की आईनं म्हातारपणी सोडून दिला, कोण सांगणार? घरात साधा टेपरेकॉर्डर होता. नव्वद मिनिटांची कॅसेट घालून लाल बटण दाबायचं, एवढंच काम होतं. ते केलं नाही, कारण दोन महिन्यांच्या पगाराचं यंत्र दारात उभं होतं! सूर राहिले, पण शब्द कुठं लांबवायचा, श्वास कुठं घ्यायचा, विहिरीच्या ओळीला ती आवाज कसा खाली घ्यायची, ते गेलं.

तर बिएरशेव्याच्या बाईंना माझं उत्तर असं. होय, ओर्गनीत जरूर घ्या. आपली पदं त्यावर वाजतील. फक्त एवढं पाहा :

एक, दुकानात विचारा, यात स्केल ट्यून आहे का, आणि प्रत्येक सूर वेगळा उतरवता येतो का. आजकाल पुष्कळ कीबोर्डांत ही सोय असते. भारताच्या बाजारासाठी निघणाऱ्या काही कीबोर्डांत तबला-तंबोराही असतो.

दोन, बेंडरचं चाक किंवा दांडी आहे का ते पाहा. नसेल तर मींड विसरा.

तीन, उन्हात, गाडीत, बंद खोलीत ठेवू नका. अश्दोद काय आणि मस्कत काय, समुद्राची दमट हवा दोन्हीकडे. वर सुती कापड घाला. प्लास्टिक नको, आत घाम धरतो.

चार, जे आकडे यंत्रात घालाल ते कागदावरही लिहा. मुलांकडून लिहून घ्या, त्यांचं अक्षर आपल्यापेक्षा चांगलं असतं.

पाच, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. नातवानं पट्टी दाबायच्या आधी तुमचा आवाज टेप करा. आता तर कॅसेटही लागत नाही, मोबाईलवर होतं. आवाज बसला असेल, दम लागत असेल, तरी चालेल.

बाळांनो, आता तुमच्यासाठी काम. आजी किंवा आजोबांना त्यांच्या लहानपणचं कुठलंही एक गाणं म्हणायला सांगा. मोबाईलवर टेप करा. मग ओर्गनीतवर एकेक सूर शोधा. कुठला सूर पट्टीवर सापडत नाही? तो वहीत लिहून ठेवा, आणि आजीला विचारा, "इथं?" ती मान हलवेपर्यंत सोडू नका.

योसेफाचं पद वेगळ्या चालीवर कुणाला येत असेल, विशेषतः रेवदंडा, अलिबाग, पनवेलकडच्या घरांत, तर मला संपादकांमार्फत जरूर कळवा. निषाद अजून शोधतो आहे.

पुढच्या अंकात तबल्याच्या शाईविषयी. तोवर शालोम.